सरकारी दगड

माणूस धावताना दिसला की परसराम आडे थुंकत असे. तोंडात तंबाखूचा खर्रा असो वा नसो. उमरखेडच्या बाहेर कालव्याच्या लोखंडी दाराजवळ एक सिमेंटचा कठडा आहे, त्यावर तो बसलेला असायचा. लांबून कुणी पळत येताना दिसलं की आधी मान वळवायचा, मग थुंकायचा, मग म्हणायचा, "आलं बेनं." मी पहिल्यांदा त्या रस्त्यावर धावले तेव्हा हे तिन्ही विधी माझ्यासाठी यथासांग झाले. मी रागानं वळून पाहिलं, तर वर मलाच म्हणाला, "मांगं काय पाह्यतं? समोर पाह्य. पडशीन."

वयानं तो माझ्या अब्बांपेक्षा मोठा होता. त्याच्याविषयी लिहिताना 'ते' म्हणायला हवं, हे मला कळतं. पण जमत नाही. तोंडावर काका म्हणत होते, तेवढं पुरे झालं.

परसराम पाटकरी होता. कालव्याचं पाणी कोणत्या पाटाला किती वेळ सोडायचं ते पाहणारा माणूस. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याच्या जागी कुणी आलंच नाही. त्यामुळे दारांच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला राहिल्या आणि तोही बंजाऱ्यांच्या तांड्यावरून रोज पहाटे सायकल हाणत कालव्यावर येत राहिला. अंगानं वाळक्या शेंगेसारखा. बोलणं मात्र असं, की शेतकरी पाण्याची पाळी सोडून द्यायचे पण त्याच्याशी वाद घालायचे नाहीत.

मी एस.टी.त कंडक्टर आहे. तेव्हाही होते. उमरखेड-ढाणकी आणि आजूबाजूच्या फेऱ्या. दिवसभर उभं राहायचं, गर्दीत घुसायचं, तिकिटं फाडायची. आणि आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी दारू पिऊन अंगावर यायचा. त्याला खाली उतरवायला बस थांबवून पोलीस बोलवावा लागायचा, आणि तो येईपर्यंत साठ माणसं माझ्याकडे टकामका बघत बसायची. मला पोलीस बोलवायचा नव्हता, मला पोलीस व्हायचं होतं. वयाच्या अटीत बसेल अशी एकच भरती माझ्यासाठी उरली होती. लेखी परीक्षेची मला भीती नव्हती. भीती होती ती मैदानाची, मुलींच्या आठशे मीटरची.

पोरं कॉलेजच्या मैदानावर सराव करायची, पण माझ्या ड्युटीचा मेळ त्यांच्याशी बसत नसे. शिवाय आमच्या मोहल्ल्यातून बूट घालून निघालेली पोरगी मैदानावर पोचेपर्यंत अर्ध्या गावाला तिची चिंता लागलेली असायची. कालव्याचा रस्ता बरा होता. सरळ, मोकळा, आणि पहाटे तिथे चिंता करणारं कुणी नाही. फक्त हा थुंकणारा.

आठवडाभर त्यानं माझं धावणं पाहून घेतलं आणि मग एके दिवशी काठी आडवी धरून मला थांबवलं.

"किती धावाचं हाय?"

"आठशे मीटर. भरती हाय."

"मंग हे काय, इथून तिथून हुंदडून राह्यली? या दारापासून त्या दगडालोक धाव. सरकारी दगड हाय. बरोबर आठशे."

कालव्याच्या काठानं ठरावीक अंतरावर दगड रोवलेले असतात, त्यांवर आकडे कोरलेले असतात. ते वाचून त्यानंच हिशेब सांगितला होता आणि अब्बांनी स्कूटरवर जाऊन खात्री करून घेतली होती. आमचं गॅरेज आहे. गाडी विकताना मीटर मागे फिरवून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला अब्बा पायरीही चढू देत नसत. त्यांचा मापावर फार जीव.

त्या दिवसापासून मी दार ते दगड धावू लागले. घड्याळ माझ्या मनगटावर, शिव्या त्याच्या तोंडात. "पाय हायेत का खांब?" "म्हैस बी पान्यावर याच्यापेक्षा लवकर जाते." एकदा मी पोटात कळ आली म्हणून बसले, तर म्हणाला, "दुखून राह्यलं? त्याले सांग, सहा वाजल्यावर ये, आता टाइम नाही." दुसऱ्या एका दिवशी आदल्या रात्रीच्या भांडणानं माझे डोळे भरून आले होते, तर, "रडाचं असन तं कालव्यात तोंड करून रड. पानी तरी वाढन." कौतुकाचा एक शब्द त्या माणसानं मला कधी दिला नाही. मी उशिरा आले की मात्र त्याला बरोबर कळायचं. डबल ड्युटी करून आलेल्या बाईला तो विचारायचा, "काहून व, आज महारानीले कोनं उठवलं नाही का?" त्याचं तोंड बंद करायचं, एवढ्याच एका इच्छेनं मी कितीतरी पहाटे अंथरूण सोडलं असेल.

मग माझी नडगी गेली. दिवसभर बसमध्ये उभं राहून पहाटे कडक रस्त्यावर आपटलेले पाय, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी फोटो दाखवला, हाडाला बारीक चीर होती. दोन महिने धावणं बंद. मी हे सांगायला कालव्यावर गेले, तर परसराम म्हणाला, "बरं झालं. रस्त्याले आराम भेटन." मी परतताना मनातल्या मनात त्याला जेवढं बोलले तेवढं आयुष्यात कुणाला बोलले नसेन.

दोन महिन्यांनी परत गेले तेव्हा कालव्यातला गाळ काढून दोन्ही काठांवर टाकला होता. सगळीकडे ताजी माती. मी धावले आणि घड्याळ पाहिलं. मग वाटलं, पहिलाच दिवस आहे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दगडाशी पोचले, वेळ पाहिली, बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी घराकडे चालू लागले. दारापाशी तो होताच.

"नाही होत, काका," मी म्हणाले.

मला वाटलं, आता म्हैस येईल. पण त्यानं माझ्या हातातल्या बुटांकडे पाहिलं. "परवा एक डाव ये," म्हणाला. "एकच डाव धाव. मंग मर तिकडं."

मधल्या दिवशी माझी ड्युटी होती. तिसऱ्या दिवशी गेले, त्याच्यावर उपकार केल्यासारखी धावले, आणि दगडाशी घड्याळ पाहिलं तर वेळ एकदम खाली आलेली! मी तिथेच मटकन बसले. नडगी हातांनी दाबून पाहिली. दुखत नव्हती. पाय खुलले, असं आम्ही म्हणतो, तसे खुलले होते. मी ओरडत परत आले तर परसराम कठड्यावर वाकडा बसलेला. कमरेला दुपट्टा करकचून बांधलेला.

"काय झालं काका?"

"तुले काय करायचं? चमक भरली." आणि थुंकला.

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने होते. हेही लिहून ठेवते, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. पहाटेची पहिली फेरी असली तर मी त्याआधी धावून यायची. ढाणकीला बस थांबली की टपाच्या शिडीला धरून पायाचे व्यायाम करायची, ड्रायव्हर हसायचा. वेळ आठवड्याआठवड्याला उतरत होती. मधे एकदा फोन खिशातच राहिला. त्यात धावणं मोजायचं ॲप होतं, त्यानं आठशेला साठ-एक मीटर कमी दाखवले. मी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, बाभळीखाली सिग्नल मिळत नसेल. मलाही तसंच वाटलं. फोन चुकतो, त्याला रेंज नसते. दगड कसा चुकेल? दगड सरकारी होता. त्या पहाटेचं आठवलं की अजूनही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

भरतीच्या मैदानावर मी मनगटाकडे न बघता धावले, कारण बघायची गरजच नव्हती. शेवटचं वळण आलं असं वाटलं तेव्हा रेषा कुठेच नव्हती. ती आणखी पुढे होती. पायांनी मात्र आपलं काम संपवून टाकलं होतं, त्यांना चार महिने तेवढंच शिकवलेलं होतं. मी पोचले, पण उशिरा पोचले. दोन गुणांनी गेलं. बाहेर येऊन मी अब्बांना फोन केला आणि म्हणाले, "यहाँ का मैदान बड़ा है." ते म्हणाले, "मैदान बड़ा नहीं रहता, बेटा. घर आ, चाक से नापते."

दुसऱ्या दिवशी अब्बांनी गॅरेजमधली एक जुनी सायकल घेतली, पुढच्या चाकाचा घेर टेपनं मोजला आणि आरीला लाल चिंधी बांधली. दारापासून आम्ही सायकल ढकलत निघालो. चिंधी खाली आली की मी आकडा म्हणायची. दगडाशी पोचलो तेव्हा आठशेला तीस फेरे कमी पडत होते. अब्बांनी परत जाऊन पुन्हा मोजलं. तेवढेच. त्यांनी चाकावरून हात काढला आणि गाळाच्या ढिगाशेजारी एक खड्डा बुजवल्याची खूण होती तिकडे बोट दाखवलं. आधी दगड तिथे होता. तिथून कुणीतरी उपटून अलीकडे आणून रोवला होता.

मी दाराकडे धावत गेले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात वेगवान धावणं असेल.

"काका, दगड कोनं हलवला?"

"मी."

"काहून?"

"तू बूट हातात घेऊन चालली होती," तो म्हणाला. "तशी गेली असती तं वापस आली असती का?"

"मले खरं सांगाचं होतं!"

"खरं तं रोजच सांगत होतो. म्हैस म्हनत होतो ना."

"शिव्या खऱ्या अन् अंतर खोटं?"

तो किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वापस सरकवनार होतो. रोज एक-एक हात. तुह्या पायाले समजलं बी नसतं. पन पाठ धरली. लोखंडाची सब्बल उचलेना."

"अन् जीभ? तिची बी पाठ धरली होती का?"

एवढं बोलून मी निघाले. अब्बा सायकल घेऊन मागून येत होते. ते परसरामसमोर क्षणभर थांबले आणि पुढे निघाले. पाठीत चमक भरलेल्या माणसाला रागावणं त्यांना कदाचित जमलं नसेल. मला उत्तम जमत होतं.

लोकांनी मला नंतर पुष्कळ समजावलं. म्हाताऱ्यानं तुझ्या भल्यासाठीच केलं, एवढा जड दगड त्या वयात उपटला, पाठ मोडून घेतली. मी विचारायची, भलं कुठे झालं ते दाखवा. तो नुसता वाईट असता तर मी त्याला विसरले असते. त्यानं माझ्यावर दया केली, आणि ती लपवायला रोज शिव्या दिल्या, आणि त्या दयेनं माझी वर्दी गेली. नोकरी न मिळणं मी सोसलं असतं. पण स्वतःच्या पायांवर चार महिने ठेवलेला विश्वास खोट्या दगडावर उभा होता, हे मला सोसलं नाही. आजही सोसत नाही.

धावणं मी सोडणार होते. पंधरा दिवस सोडलंही. मग एका सकाळी बस कालव्याच्या पुलावरून जाताना तो कठड्यावर बसलेला दिसला, निवांत, जसं काही झालंच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चिंधीची सायकल घेऊन पुलावरून पलीकडच्या काठाला गेले, स्वतः आठशे मीटर मोजले, बाभळीवर रंगाचा पट्टा मारला आणि धावू लागले. त्याला दिसावं म्हणून. आरोग्य, आनंद, असली कारणं मला विचारू नका. पुढची तीन वर्षं आम्ही समोरासमोर होतो, मधे पाणी. मी दिसले की तो मान वळवायचा आणि थुंकायचा. कधी पाण्यावरून आवाज यायचा, "म्हैस आली!" मी उत्तर द्यायची नाही. डबल ड्युटी असो, घोटा मुरगळलेला असो, निदान चालत तरी पट्ट्यापर्यंत जायची. मी एक दिवस आले नाही तर त्याला बरं वाटेल, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

कधीमधी तो माझ्या बसमध्ये चढायचा. ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड पुढे करायचा, मी हाफ तिकीट फाडून हातात द्यायची, एक शब्द नाही. मग तो शेजाऱ्याला सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगायचा, "हे पोरगी रोज धावते. पाय जड हायेत. पन नागा नाही करत." मी जोरात घंटी मारायची.

यंदा थंडीत त्याची बायको मला बसस्टँडवर शोधत आली. तांड्यात तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही याडीच म्हणते. तिनं माझा हात धरला. "त्याहिले लकवा मारला व. उजवं अंग गेलं. दवाखान्यातल्या बाईनं चालवा म्हनलं, तं उठत नाहीत. दिवसभर तुह्या नावानं शिव्या देऊन राह्यले. ये ना माय एक डाव."

साप्ताहिक सुट्टीला गेले. परसराम अंगणात बाजेवर पडला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळे थुंकणंही धड जमत नव्हतं. मला पाहून त्यानं मान मात्र वळवली. मी बाजेपासून समोरच्या कडुलिंबापर्यंत चालत गेले, त्याची आता जेवढी पडतील तेवढी लहान पावलं टाकत. सोळा झाली. मी चुन्याची रेघ मारली आणि म्हणाले, "इथलोक यायचं. उठा."

"नाही होत," तो म्हणाला. जीभ जड झाली होती, पण शब्द कळले.

"मंग मरा तिकडं," मी म्हणाले. याडीनं तोंडावर पदर घेतला. परसराम उठून बसला.

पुढच्या तीन-चार सुट्ट्या मी तिथेच काढल्या. माझ्या बाजूनं त्यात माया होती, असं कुणी समजू नये. मी त्याला म्हैस म्हणाले, खांब म्हणाले, रडायचं तर रांजणात तोंड घालून रडा म्हणाले. तो भिंतीला धरून चार पावलं चालायचा, मग सात, मग नऊ. एका सकाळी अकरा झाली. अकराव्याला पाण्याचा रांजण होता. त्याला मिठी मारून तो उभा राहिला, घामानं डबडबलेला, पाय लटपटत होते.

"सोळा," तो म्हणाला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वळवली नाही मान. नुसतं पाहत राहिला. मी फक्त हो म्हणायचा अवकाश होता, किंवा तेही नको, नुसतं गप्प राहिलं तरी चाललं असतं. याडी माझ्याकडे पाहून मान हलवत होती, म्हण गं, म्हण. आणि तो शब्द माझ्या ओठांवर आलाही होता. किती सहज आला होता ते मला अजून आठवतं.

"अकरा," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हा बसणार आणि परत कधी उठणार नाही, आणि ते माझ्या माथी येणार. मग त्यानं रांजण सोडला. एका हातानं भिंत चाचपत, त्या जड जिभेनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यानं पाय उचलला. बारा. मी मोजत होते. तेरा. चौदाला तो झुकला, मी हात पुढे केला, त्यानं डाव्या हातानं तो उडवून लावला. पंधरा. रेघेवर पाय पडला.

"आता?"

"सोळा. बरोबर."

तो लिंबाला टेकून धापा टाकत राहिला. मग म्हणाला, "तो दगड बी बरोबर हाय. वापस ठिवला. दोन मानसं लावून. दुसऱ्याच दिवशी." आणि मग, "तू मोजाले आलीच नाही."

माझ्याही जिभेची तेव्हा पाठ धरली. पुढच्या सुट्टीच्या आतच त्याला दुसरा झटका आला, आणि त्यातून तो उठला नाही. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. चुन्याची रेघ त्यांच्या पायांखाली पुसली गेली होती.

त्याला मी माफ केलेलं नाही. त्यानं त्या सकाळी बूट हातात घेतलेल्या मला खरं सांगितलं असतं, तर मी अकरावरून सोळावर गेले असते का, की घरी जाऊन झोपले असते? ते मला कधीच कळणार नाही, कारण त्यानं मला ते कळू दिलं नाही. माझा राग एवढाच आहे, आणि तो मी सोडणार नाही.

पण त्याला जाऊन आठवडा झाल्यावर एका पहाटे मी चिंधीची सायकल काढली आणि तीन वर्षांनी त्याच्या काठावर गेले. कठडा रिकामा होता. दारापासून चाक ढकलत, आकडे मोठ्यानं म्हणत निघाले. गाळाच्या ढिगाऱ्यावर आता गवत उगवलं होतं. दगडाला चाक टेकलं तेव्हा चिंधी खाली आली आणि आकडा बरोबर आला, एक फेराही कमी नाही. मी दगडाकडे पाहिलं. मान वळवली, कालव्याच्या बाजूला थुंकले, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि दाराकडे तोंड करून धावायला सुरुवात केली.